आधी तिथी बघा, मग फोन काढा

गेल्या अंकात मोबाइलवर निसर्गाचे फोटो काढण्याबद्दल प्रश्न मागवले होते. टपालाने, मेलने, व्हॉट्सअॅपवर इतके प्रश्न आले की सगळ्यांना एका अंकात उत्तर देणं शक्य नाही. ‘कोणता फोन घेऊ?’ असं विचारणाऱ्यांची आधीच माफी मागते, कारण त्याचं उत्तर मी देणार नाही. गेल्या पाच-सहा वर्षांतला कुठलाही बरा फोन या कामाला पुरतो. मी साताऱ्यात २८ वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि सुट्टीत कॅमेरा घेऊन हिंडले. आधी रोलचा कॅमेरा होता, आता फोन आहे. बहुतेक फोटो बिघडतात ते आपण चुकीच्या वेळी तिथे उभे असतो म्हणून, असं माझं ठाम मत झालं आहे. त्यामुळे खालच्या उत्तरांत बटणांपेक्षा सूर्य, चंद्र, वारा आणि मातीबद्दलच जास्त वाचायला मिळेल.

प्रश्न : ताई, आम्ही वर्षातून दोनदा तरी कोकणात जातो. समुद्रावरच्या सूर्यास्ताचे माझ्याकडे शेकडो फोटो आहेत आणि सगळे एकसारखे दिसतात. खाली काळी पट्टी, वर नारिंगी आकाश, मध्ये पांढरा ठिपका. काही वेळा वाळू ओली असते आणि आकाशाचं प्रतिबिंब पडतं, ते फोटो छान येतात. पण तसं केव्हा होईल हे कळत नाही. (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : तुम्हाला जे हवं आहे ते कधी मिळेल हे आधी कळतं, आणि त्याला अॅप लागत नाही, दिनदर्शिका लागते. माझं आजोळ गुहागर. मामा पहाटे रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जाणाऱ्यांत नव्हता, पण समुद्राचं गणित त्याला तोंडपाठ होतं: तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे रात्री आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. बंदराबंदराप्रमाणे यात थोडा फरक पडतो, म्हणून नेमकी वेळ हवी असेल तर भरतीचं कोष्टक बघा. पण सहलीची तारीख ठरवायला हे सूत्र पुरेसं आहे.

आता हेच गणित सूर्यास्ताला लावून बघा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सूर्य बुडायच्या वेळी पाणी वर चढलेलं, वाळूची पट्टी अरुंद. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडला भरती, संध्याकाळी साडेसातला पूर्ण ओहोटी. सूर्य बुडताना पाणी मागे सरकत असतं आणि मागे ओल्या वाळूचा चकचकीत आरसा सोडून जातं. शिवाय पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, त्यामुळे वाळू दूरवर उघडी पडते. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, पाण्याची हालचाल कमी. तेव्हा प्रतिबिंबासाठी कोकणात जायचं तर पौर्णिमा किंवा अमावस्या उलटल्यावरची प्रतिपदा-द्वितीया धरा. थंडीत सूर्य लवकर मावळतो, तेव्हा प्रतिपदा जास्त सोयीची. मे महिन्यात सातच्या आसपास मावळतो, तेव्हा द्वितीया.

पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गुहागरला गेले तेव्हा मी मामाला काही विचारलं नव्हतं. अष्टमीच्या आसपास चार दिवस राहिले आणि चारही संध्याकाळी सुरूच्या झाडांना टेकून पाण्याच्या कडेला उभी होते. रोलमध्ये ३६ फोटो होते. त्यातला एकही मी ठेवला नाही. मामाने ते सूत्र त्यानंतर सांगितलं आणि मी ते पुढे दर वर्षी नववीच्या वर्गाला शिकवलं.

आता फोनचं. पाण्याचा पातळ थर जिथे असेल तिथे खाली बसा आणि फोन गुडघ्याच्याही खाली आणा. प्रतिबिंब उभ्याने फारसं दिसत नाही, बसल्यावर वाळूचा प्रत्येक फूट रंगाने भरतो. बाहेर पडायच्या आधी सुती रुमालाने भिंग पुसा आणि किनाऱ्यावर दर दहा मिनिटांनी पुन्हा पुसा. खारा वारा भिंगावर बारीक थर चढवतो, आणि तुम्ही म्हणता तो ‘पांढरा ठिपका’ पसरट दिसतो तो बऱ्याचदा त्या थरामुळे.

मग आकाशातल्या उजळ भागावर, पण सूर्याच्या शेजारी, बोट दाबून धरा. फोकस आणि उजेड दोन्ही तिथे बांधले जातात. मग शेजारी दिसणारी पट्टी खाली ओढून फोटो थोडा काळोखा करा. फोन आपणहून अनेक फोटो झरझर काढून एकत्र जोडतो, सावल्या उजळवतो आणि सूर्यास्ताचा केशरी रंगही ‘सुधारून’ फिका करतो. तुमच्या फोनमध्ये ‘प्रो’ मोड असेल तर व्हाइट बॅलन्स सूर्यप्रकाशावर ठेवा, रंग जागेवर राहील.

आणि सूर्य बुडाला की निघू नका. हे मी अक्षरशः विनवून सांगते. किनाऱ्यावरची निम्मी माणसं सूर्य पाण्याला टेकला की टाळ्या वाजवून चपला शोधायला लागतात. खरा रंग त्यानंतर येतो, कारण सूर्य क्षितिजाखालून वरच्या ढगांना उजेड देतो. त्यासाठी उंच, पिंजलेल्या कापसासारखे ढग हवेत. निरभ्र आकाश फोटोला फार उपयोगाचं नसतं. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो, त्यामुळे संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांतच संपतो. युरोपात हाच खेळ बराच वेळ चालतो. आपल्याला तेवढी सवड नाही, म्हणून तिथेच थांबा.

एक जास्तीची गोष्ट. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, चतुर्दशीला, समुद्राकडे पाठ करून उभे राहा. सूर्य मावळायच्या थोडं आधी पूर्वेला, माडांच्या मागून चंद्र वर आलेला असतो आणि आकाशात अजून उजेड असतो. त्यामुळे माड आणि चंद्र दोन्ही एका फोटोत नीट येतात. पौर्णिमेच्या रात्री उशिरा तोच प्रयत्न केलात तर चंद्र नुसता पांढरा गोळा येतो.

प्रश्न : सर्व किल्ले पाहण्याचा माझा संकल्प आहे. राजगडावरून डोंगरांच्या रांगांमागे रांगा दिसतात, तोरणा अगदी समोर उभा असतो, पण फोटोत तोरणा बोटाएवढा आणि रांगा म्हणजे एक राखाडी रेघ. डोळ्यांना दिसतं ते फोनला का दिसत नाही? (एक वाचक, भोर)

उत्तर : फोनला दिसतं, पण तो एकदम सगळंच बघतो. राजगडावर उभं राहिल्यावर तुमचं मन आपोआप तोरण्याला चिकटतं आणि बाकीचं बाजूला सारतं. फोनचं मुख्य भिंग रुंद असतं, रोलच्या कॅमेऱ्याच्या हिशेबात २४ ते २६ मिलिमीटरच्या आसपासचं. त्याच्या चौकटीत तोरणा, त्याच्या आजूबाजूचं सगळं खोरं, अर्धं आकाश आणि तुमच्या पायाखालचं गवत, सगळं एकदम येतं. अशा चौकटीत लांबची वस्तू लहान होणारच. ०.५ चं, म्हणजे त्याहूनही रुंद, भिंग लावलंत तर ती अजून लहान होते. गडावरून दरीचा फोटो काढताना बहुतेक जण नेमकं तेच भिंग लावतात, हे बघून मला वाईट वाटतं.

रांगांसाठी दोन किंवा तीन पटीचं भिंग वापरा, म्हणजे फोनमध्ये तसं खरं भिंग असेल तर. बोटं ताणून केलेला झूम म्हणजे फोटो कापणं, आणि ते घरी बसूनही करता येतं. उजेड कमी असला की काही फोन तीन पटीचं बटण दाबल्यावरही गुपचूप मुख्य भिंगाचाच फोटो कापून देतात. याची तपासणी सोपी आहे. तीन पट लावा आणि टेलीच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या, भिंगावर बोट ठेवा. पडदा काळा झाला तर खरं भिंग चालू आहे. चित्र तसंच दिसत राहिलं तर तुम्हाला कापलेला फोटो मिळतो आहे, थोडा उजेड वाढेपर्यंत थांबा.

लांब पल्ल्याच्या भिंगातून मागच्या रांगा पुढच्यांच्या जवळ आल्यासारख्या दिसतात आणि एकमेकींवर चढतात. मधली हवा आपलं काम करते: जवळचा डोंगर गडद, त्यामागचा निळसर, त्यामागचा फिका. ऑक्टोबरात पावसाने धुतलेली हवा स्वच्छ असते, तेव्हा कडा-कपारी दिसतात पण थर कमी दिसतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दऱ्यांमध्ये धुकं साचतं, तेव्हा रांगा खऱ्या अर्थाने वेगळ्या होतात. मला दुसरं आवडतं.

दिशेचाही विचार करा. तोरणा राजगडाच्या पश्चिमेला आहे. सकाळी तुमच्या पाठीमागून उजेड त्याच्या अंगावर पडतो, बुरुज-तटबंदी मोजता येते. संध्याकाळी तो काळी आकृती होतो आणि त्याच्यामागे आकाश पेटतं. दोन्ही फोटो चांगले होतील, पण दुपारी बारा वाजता यातलं काहीच मिळत नाही. सुवेळा माचीवर सूर्योदय बघून झाला की संजीवनी माचीकडे चालत या. चालायला वेळ लागतो, पण वाटेत उन्हं चढतात तसतशा तटाच्या दुहेरी भिंतींच्या सावल्या बदलतात. माझे राजगडचे सगळ्यात चांगले फोटो त्या चालण्यातले आहेत.

प्रश्न : बाई, ओळखलंत का? मी ९६ च्या दहावीच्या बॅचचा. नोकरीमुळे आता मंगळवेढ्याला असतो. तुमचं सदर वाचतो, पण त्यात सगळा सह्याद्री आणि कोकण. आमच्याकडे डोंगर नाही, धबधबा नाही, नुसतं सपाट काळं रान. मी कशाचे फोटो काढू? (एक माजी विद्यार्थी)

उत्तर : ओळखलं. नकाशाच्या वहीत तू दख्खनचं पठार एका सपाट तपकिरी रंगात रंगवून टाकायचास आणि मी तुला परत करायला लावायचे. त्या तपकिरी रंगात काय काय आहे हे आता तुझ्या दारात आहे.

डोंगरात आकाश तुकड्यातुकड्यांनी मिळतं. तुझ्याकडे ते सगळंच्या सगळं आहे. मग क्षितिज चौकटीच्या मधोमध ठेवू नकोस. ते खाली आण, अगदी पाचव्या हिश्श्यापर्यंत, आणि वरचं सगळं ढगांना देऊन टाक. एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर वळवाचे ढग बांधायला लागतात. खाली सपाट, वर फुलकोबीसारखे फुगत जातात आणि शेवटी ऐरणीसारखे पसरतात. आमच्या साताऱ्यात डोंगर आड येतात, असा आख्खा ढग पायापासून माथ्यापर्यंत बघायला मिळत नाही. तुला वीस-तीस किलोमीटर अंतरावरचा पाऊस पडद्यासारखा लोंबताना दिसेल. तो तीन पटीच्या भिंगाने टीप. मात्र गडगडाट ऐकू आला की रानात थांबायचं नाही, झाडाखाली तर अजिबात नाही. घरी ये, व्हरांड्यातून काढ.

आणि तुझ्या गावाची ज्वारी! मंगळवेढ्याच्या ज्वारीचं नाव महाराष्ट्रभर आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी, डिसेंबर-जानेवारीत ती डोक्याच्या वर जाते. सूर्य मावळायला अर्धा तास उरला की पश्चिमेकडे तोंड करून, पिकाच्या उंचीच्या खाली बस. कणसांच्या मागून ऊन आलं की प्रत्येक दाण्याला सोनेरी कड येते. तिथे उजेड कणसावर बांध, आकाशावर नको, नाहीतर कणीस काळं होईल. पाखरं राखायला माळ्यावर कुणी गोफण घेऊन उभं असेल तर त्यांना विचारून त्यांनाही चौकटीत घे. सपाट रानात माणूस असला की मोजमाप कळतं.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान तुला आठवत असतील, चित्रकलेच्या तासाला त्यांचं नाव यायचं. रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ, घराजवळच्या याच जागा त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवल्या. वेगवेगळ्या प्रकाशातलं तेच पाणी, तीच झाडं. तुला मी गृहपाठ देते. तुमच्या गावाबाहेर कुठेतरी एकटं बाभळीचं किंवा कडुनिंबाचं झाड असेलच. त्याच्यापासून पन्नास पावलांवर एक दगड ठरव. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्याच दगडावरून, त्याच भिंगाने एक फोटो काढ. नांगरट, पहिला पाऊस, पेरणी, हिरवं रान, हुरडा, काढणी, परत काळी ढेकळं. बारा फोटो झाले की मला पाठव. मी ते या सदरात छापायला सांगेन, अगदी एका पानात सगळे.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये कास पठारावर गेलो होतो. डोळ्यांसमोर फुलांचा गालिचा होता, फोटोत मात्र हिरव्या गवतात मधून मधून ठिपके. जवळ जाऊन काढायचं तर आत उतरू देत नाहीत. काय करावं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आत उतरू देत नाहीत ते फार चांगलं करतात. त्याबद्दल आधी बोलते.

कास हा जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे खडकाळ माळ, आहे. दगडावर मातीचा थर काही ठिकाणी जेमतेम बोटभर असतो. तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं हे सगळं त्या बोटभर मातीवर, पावसाच्या काही महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळं होतं. सीतेची आसवं तर मातीत पोषण कमी म्हणून मुळांसारख्या तंतूंवरच्या बारीक पिशव्यांमध्ये कीटक पकडते. फूल तुडवलं म्हणजे पुढच्या वर्षीचं बी तुडवलं, आणि टाचेखाली दबलेली ती माती परत भुसभुशीत व्हायला किती पावसाळे जातील कोण जाणे. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यात कास आहे.

त्याच्या बऱ्याच आधी, जेव्हा तिथे फारसं कुणी येत नव्हतं, तेव्हा मी स्वतः एका फोटोसाठी तेरड्याच्या ताटव्यात दहा-बारा पावलं आत गेले होते. परत वळून बघितलं तेव्हा माझी वाट स्पष्ट दिसत होती, फुलांमधून सरळ गेलेली. तो फोटो चांगला आला होता. मी तो कधीही कुणाला दाखवला नाही.

आता वाटेवरून काय करता येतं ते. उभ्या माणसाच्या उंचीवरून फुलांकडे बघितलं की फुलांमधलं गवत दिसतं. फुलांच्या उंचीवर आलात की एका फुलामागे दुसरं, त्यामागे तिसरं असं झाकत जातं आणि मधलं गवत नाहीसं होतं. म्हणून वाटेच्या कडेला बसा, फोन उलटा धरा, म्हणजे भिंग खाली जमिनीजवळ येईल, आणि दोन किंवा तीन पटीच्या भिंगाने लांबचा ताटवा टिपा. मग डोळ्यांना दिसलेला गालिचा फोटोत येतो. लांबचंच घ्यायचं असल्यामुळे आत जायची गरजही उरत नाही.

कडेलाच एखादं फूल मिळालं आणि मागे पठार, आकाश असं सगळं हवं असेल तर ०.५ चं रुंद भिंग फुलाच्या अगदी जवळ न्या. काही फोनचं रुंद भिंग जवळ फोकस करत नाही, फूल धूसर येतं. तसं झालं तर मुख्य भिंगाने थोडं मागून काढा. वारा सतत असतो, तेव्हा एकामागून एक आठ-दहा फोटो घ्या, एखादा स्थिर मिळतो. आणि ऊन नाही म्हणून हिरमुसू नका. ढगाळ उजेडात गेंदाचा पांढरा आणि तेरड्याचा जांभळट गुलाबी रंग जसा दिसतो तसा कडक उन्हात दिसत नाही. हंगामात प्रवेशासाठी आधी नोंदणी लागते. जमलं तर शनिवार-रविवार टाळा आणि पहिल्या वेळेत पोचा.

परत जाताना बामणोलीकडे उतरून कोयनेच्या जलाशयाकाठी संध्याकाळ काढा. तो एक वेगळाच लेख होईल.

प्रश्न : हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसतं म्हणतात. ते फोनमध्ये टिपता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : येईल, दिसलं तर. त्यासाठी सूर्य तुमच्या पाठीशी आणि समोर खाली दरीत धुक्याचा किंवा ढगाचा थर हवा. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे ही वेळ सकाळची. तुमची सावली ढगावर पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगांचं गोल कडं उमटतं. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या अशा गोल इंद्रधनुष्याचं वर्णन १८३५ साली लिहून ठेवलं आहे. शेजारी उभ्या माणसाला कडं त्याच्या स्वतःच्या सावलीभोवती दिसतं, तुमच्या नाही.

ढग पांढराशुभ्र असतो आणि रंग फिके, म्हणून रंगांच्या त्या गोल कड्यावर बोट दाबून उजेड बांधा आणि पट्टी बरीच खाली ओढा. रंग वर येतात. ढग सरकत असतो, दोन मिनिटं असतं आणि नसतं, तेव्हा फोटो नंतर बघा. आणि कृपा करून कड्याच्या टोकाशी उभ्याने फोन समोर धरून पुढे सरकू नका. तो कडा आत वळलेला आहे, पायाखाली काय आहे ते वरून दिसत नाही. पालथं पडून, सोबत्याने पाय धरलेले असताना बघा.

प्रश्न : फोटो एडिट करणं म्हणजे फसवणूक नाही का? आमच्या ग्रुपमध्ये यावरून भांडणं होतात. (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुम्ही एडिट केला नाही तरी फोनने केलेला असतोच. अनेक फोटो जोडणं, आकाश निळं करणं, पान न् पान टोकदार करणं, हे सगळं बटण दाबल्या क्षणी होतं. रोलच्या काळातही प्रिंट काढणारा काळोख्या खोलीत आकाशाला जास्त वेळ उजेड देऊन गडद करायचाच.

मी माझ्यापुरती रेघ अशी आखली आहे: तिथे जे होतं ते नीट दाखवायला जे लागेल ते करायचं, जे नव्हतं ते आणायचं नाही. वाकडं क्षितिज सरळ करते, सावली थोडी उघडते, कडा कापते. स्नॅपसीडसारखं साधं अॅप मला पुरतं. दुसऱ्या दिवशीचं आकाश आणून चिकटवलं तर तो त्या जागेचा, त्या दिवसाचा फोटो राहत नाही.

पण पावसाळ्यातल्या हिरव्या रंगाबद्दल एक सांगते, कारण मला आलेल्या फोटोंत सगळ्यात जास्त नासाडी तिथेच झालेली असते. फोन आधीच हिरवा रंग भडक करतो, त्यावर आपण आणखी वाढवतो, आणि साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट प्लास्टिकचा दिसायला लागतो. पावसातल्या हिरव्यात पोपटी असतो, शेवाळी असतो, भाताच्या रोपांचा कोवळा पिवळसर असतो. रंगाची पट्टी उलट थोडी कमी करून बघा, हे सगळे हिरवे वेगवेगळे होऊन दिसायला लागतील.

प्रश्न : आमचं गाव गुहागर तालुक्यात आहे. आई आता ८२ वर्षांची आहे आणि माझ्याकडे डोंबिवलीला असते, प्रवास झेपत नाही. घरामागच्या डोंगरावरून दिसणाऱ्या खाडीचा फोटो मोठा करून तिच्या खोलीत लावायचा आहे. भावाने व्हॉट्सअॅपवर पाठवला, पण दुकानदार म्हणाला फुटेल. किती मोठा करता येतो? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : फोटो फुटणार आहे तो व्हॉट्सअॅपमुळे. तिथून नेहमीसारखा पाठवला की फोटो आक्रसतो. भावाला सांगा, मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडून पाठव, किंवा मेल कर. १२ मेगापिक्सेलचा मूळ फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो. इंचाला ३०० ठिपके धरले तर १३ बाय १० इंच अगदी धारदार निघतो. भिंतीवरचा फोटो आपण चार-पाच फुटांवरून बघतो, त्यामुळे याच्या दीडपट, २० बाय १५ पर्यंत बिनधास्त जा.

पण छापायच्या आधी एक करा. भावाला एकच फोटो मागू नका. सकाळी, संध्याकाळी, भरतीला, ओहोटीला असे पाच-सहा काढायला सांगा आणि टॅबवर मोठे करून आईंना दाखवा. त्यांनी आयुष्यभर ती खाडी एका ठरावीक वेळी बघितली असेल, पाणी आणताना किंवा गुरं परतताना. त्यांना कोणती ओळखीची वाटते ते त्याच सांगतील. तुम्हाला आवडलेला फोटो तो नसेलही, तरी तोच छापा.

कागद मॅट घ्या, चकचकीत नको, खिडकीचा उजेड परावर्तित होऊन पलंगावरून काही दिसत नाही. फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यात माउंटची कड ठेवायला सांगा, नाहीतर मुंबईच्या दमट हवेत फोटो काचेला चिकटतो. आणि जिथे दुपारचं ऊन थेट येतं त्या भिंतीवर लावू नका, रंग उडतात. आईंच्या उशाकडून दिसेल अशी समोरची भिंत बघा.